लांकडांत कोरलेलें दुःख

सन १९१४ मधील गोष्ट. बर्लिनच्या कामगारवस्तींत दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टर कार्ल कोलवित्झ यांचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर आपण होऊन लढाईवर जावयास निघाला. तो अज्ञान असल्यामुळें बापाची संमति हवी होती, आणि बाप ती देईना. तेव्हां आईनें मध्यें पडून नवऱ्याचें मन वळविलें. ऑक्टोबरांत पेटर बेल्जममध्यें लढाईंत पडला.

श्रोतेहो, ही आई म्हणजे प्रख्यात जर्मन चित्रकर्त्री केटे कोलवित्झ (१८६७–१९४५). विणकरांचें बंड व शेतकऱ्यांचें युद्ध या विषयांवरील छापचित्रांनीं त्यांचा लौकिक आधींच झाला होता. पण या दुःखापुढें तो सरावलेला हात अडखळला. तांब्यावर कोरून पाहिलें, दगडावरील छाप करून पाहिले. मनासारखें कांहीं उतरेना. १९२० सालीं एर्न्स्ट बार्लाख यांचे लांकडी ठसे त्यांच्या पाहण्यांत आले, आणि वाट सांपडली.

मनांतील क्षोभ उघड्या रेषेंत मांडणाऱ्या एक्स्प्रेशनिस्ट चित्रकारांचें हें आवडतें साधन. कोलवित्झबाई त्यांच्या कंपूंतल्या नव्हत्या, हें सांगितलें पाहिजे. फळीवर जेथें पांढरें हवें तेथलें लांकूड कोरून टाकावयाचें, उरलेल्या उंचवट्यावर शाई फिरवून कागद दाबावयाचा. राहिलें तें काळें, गेलें तें पांढरें. निघालेली कपची परत बसत नाहीं. छायाप्रकाशाच्या नाजूक कामांत प्रवीण असलेल्या बाईंना साधनाचें हें दारिद्र्यच उपयोगी पडलें, असें मला वाटतें.

‘युद्ध’ ही सात ठशांची मालिका १९२३ पर्यंत पुरी झाली. तींत रणांगण नाहीं, तोफ नाहीं, शत्रूहि नाहीं. पहिल्या ठशांत एक आई आपलें तान्हें मूल पुढें धरून अर्पण करीत आहे. शत्रूवर दोष टाकणें सोपें होतें; बाईंनीं आरंभ आईपासून केला! दुसऱ्यांत मृत्यु नगारा वाजवीत आहे व त्याच्यासवें तरुण ओढले जात आहेत. मृत्यूच्या अगदीं लगत आहे तो पेटर. तिसऱ्यांत गुडघे टेकून एकमेकांवर कोसळलेले आईबाप.

१९३३ सालीं नाझी सत्ता येतांच बाईंना प्रशियन कला-अकादमींतून बाहेर पडावें लागलें. १९४२ सालीं त्यांचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचेंहि नांव पेटरच होतें.

मुलाच्या स्मारकासाठीं त्यांनीं घडविलेल्या आईबापांच्या दोन पाषाणमूर्ति १९३२ सालीं बेल्जममधील सैनिकांच्या स्मशानभूमींत बसविण्यांत आल्या. बापाचा चेहरा कार्ल यांचा, आईचा त्यांचा स्वतःचा. लांकडांत एकमेकांना बिलगलेलीं तीं दोघें येथें मात्र वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकून आहेत, आणि मध्यें अंतर आहे.