पोटाची शिवण आणि वेदनेच्या वाटा

कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरला की बहुधा संपूर्ण मूत्राशयच काढावे लागते. पुरुषांत त्याबरोबर प्रोस्टेट आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही जातात. मग लहान आतड्याचा तुकडा वेगळा करून लघवीला नवी वाट दिली जाते. अमेरिकी सर्जन युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही वापरात आहे.

म्हणजे रुग्णाचे पोटही फाडलेले आणि आतडेही कापून जोडलेले. अशा वेळी मॉर्फिनसारखी औषधे दुखणे शमवतात, पण आतड्याची हालचाल मंद करतात. पोट फुगते, मळमळते, जेवण लांबते. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या ‘लवकर सावरण्याच्या’ उपचारपद्धतीत म्हणूनच अशा औषधांची मात्रा कमी ठेवण्यावर भर आहे.

त्यासाठीचा जुना, भरवशाचा उपाय म्हणजे एपिड्युरल. स्पॅनिश लष्करी सर्जन फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये ही पद्धत मांडली. मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेत छातीच्या खालच्या मणक्यांपाशी बारीक नळी ठेवून बधिरतेचे औषध थेंबाथेंबाने दिले जाते. पोटाची भिंत आणि आतले अवयव या दोन्हींच्या वेदना त्याने आटोक्यात येतात, हे त्याचे मोठे बळ. मात्र रक्तदाब उतरू शकतो, पाय जड पडू शकतात आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर मणक्यात रक्त साकळण्याची भीती असते. कर्करोगाच्या रुग्णाला पायात गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन हे असेच औषध द्यावेच लागते. त्यामुळे नळी घालण्याच्या आणि काढण्याच्या वेळा काटेकोर सांभाळाव्या लागतात.

इथे पोटाच्या भिंतीतले ब्लॉक, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणारी इंजेक्शने, उपयोगी पडतात. भूलतज्ज्ञ रफी यांनी २००१ मध्ये टॅप ब्लॉकचे वर्णन केले. पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमधून जाणाऱ्या नसांभोवती औषध सोडायचे, हे त्याचे तत्त्व. पुढे सोनोग्राफी आली आणि सुईचे टोक पडद्यावर दिसू लागले. बेंबीखालच्या मधल्या छेदासाठी रेक्टस शीथ ब्लॉकही सोयीचा. शस्त्रक्रिया संपताना सर्जन तिथे नळी ठेवू शकतो.

पण हे दोन्ही ब्लॉक फक्त भिंतीपुरते. आतल्या अवयवांची खोल, पिळवटणारी वेदना त्यांना फारशी जुमानत नाही. क्वाड्रेटस लंबोरम आणि २०१६ मध्ये मांडलेला इरेक्टर स्पायनी ब्लॉक यांत औषध मणक्याच्या जवळ सोडले जाते. तिथून ते खोलवर झिरपून आतल्या वेदनेवरही चालेल, अशी आशा आहे. मात्र ते किती पसरेल हे रुग्णागणिक बदलते.

शिवाय एका इंजेक्शनचा असर काही तासांत ओसरतो. म्हणून ब्लॉक एकटा पुरत नाही. सोबत पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंड धड असेल तर सूज उतरवणारी औषधे लागतात. बधिरतेच्या औषधाची मात्रा वजनानुसार मोजावी लागते, कारण ते जादा झाल्यास आकडी येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यावर उतारा म्हणून लिपिड इमल्शन हाताशी असलेच पाहिजे.

रोबोटच्या मदतीने लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया झाली तर एपिड्युरलची गरज बरीच कमी होते. मोठा छेद असेल तर एपिड्युरलचा विचार आजही आधी व्हावा, आणि ते शक्य नसेल तिथे ब्लॉक.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा रुग्णाने आणि नातेवाइकांनी निःसंकोच विचारावे: दुखणे कमी करण्यासाठी काय करणार, ते किती तास टिकेल आणि रात्री दुखले तर कोणाला हाक मारायची? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही त्याच वेळी सांगावे.