चाड्यावरची मूठ

भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्यांत गोसीखुर्द येथें वैनगंगेवर जें विस्तीर्ण धरण उभें आहे, त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसविण्यांत आली. या धरणास ३३ दारें आहेत. पावसाळ्यांत त्यांपैकीं किती दारें उघडावींत, तीं किती उचलावींत व केव्हां उचलावींत, हें मनुष्य ठरवितो. पण एकदां पाणी सुटलें म्हणजे तें आपल्या धर्मानें वाहतें. मनुष्याच्या हातीं काय तो आरंभ असतो.

आज आम्ही वाचकांपुढें याच जातीचा, परंतु पाण्याऐवजीं दाण्यांचा विषय मांडीत आहों. भात, वाळू, खडी, खत, कोळसा हे सारे सुट्या कणांचे पदार्थ होत. ते एकाद्या पात्रांतून कसे वाहतील, याचें चित्र हल्लीं संगणकावर आगाऊ काढून पाहतां येतें. त्या चित्रांत कण कोठून, किती, कोणत्या वेगानें व कोणत्या क्रमानें सोडावे, हें संगणकास आधीं सांगावें लागतें. हें सांगणें वरवर क्षुल्लक वाटतें. पण सर्व उत्तराची भिस्त त्याच्यावरच असते.

प्रश्न मात्र नवा नाहीं. कोरडवाहू रानांत तिफणीनें गहूं अगर हरभरा पेरतांना चाड्यावर मूठ धरणारा माणूस बोटें किंचित् सैल करीत बी सोडीत जातो. मूठ आवळली तर ओळ विरळ उगवते. सुटली तर रोपें दाट होऊन एकमेकांस खातात. म्हणूनच घरांतील जाणत्या माणसाकडे ती मूठ सोंपविलेली असते. संगणकावर कण सोडणाऱ्यानेंहि हीच मूठ शिकावयाची आहे.

प्रथम दाण्याचा स्वभाव समजून घेऊं. एका बाटलीचें बूड कापून ती उलटी धरावी व तोंडावर बोट ठेवून तींत पाणी भरावें. बोट काढतांच पाणी प्रथम जोरानें व पातळी उतरेल तसतसें मंद वाहूं लागेल. आतां तीच बाटली कोरडी करून तांदळानें भरावी. बाटली पूर्ण भरलेली असो वा अर्धी, तोंडांतून ठराविक वेळांत पडणारा तांदूळ जवळजवळ सारखाच असतो! वाळूचें घड्याळ चालतें तें याच गुणावर. दाणे एकमेकांस आडवे रेटतात, त्यामुळें भिंतींशीं घर्षण होतें, आणि वरचा बराचसा भार भिंतीच उचलतात. ही गोष्ट यान्सेन नांवाच्या जर्मन अभियंत्यानें १८९५ सालीं गणितानें मांडली. पुढें १९६१ सालीं बेव्हर्लू व त्यांचे सहकारी यांनीं बियांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तोंडाची रुंदी दुप्पट केली तर बाहेर पडणारें धान्य दुप्पट होत नाहीं, तर पांचपटीहूनहि अधिक होतें. तोंड दाण्याच्या मानानें फार लहान असेल तर दाणे परस्परांस टेकून कमान धरतात व प्रवाह अजिबात थांबतो.

असा हा पदार्थ पाण्याच्या नियमांनीं वागत नसल्यामुळें एकेका दाण्याचाच हिशेब ठेवण्याची रीत निघाली. कंडॉल व स्ट्रॅक या दोन शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं ती प्रसिद्ध केली. तींत प्रत्येक दाणा बहुधा गोल मानतात. दोन दाणे भिडले कीं ते एकमेकांत किती रुतले हें पाहून त्यांतील रेटा काढतात, आणि न्यूटनच्या नियमानें प्रत्येकाचें पुढील स्थान ठरवितात. असा हिशेब सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म अंशाला एकदां, याप्रमाणें लक्षावधि वेळां होतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापक देवांग खखर यांनीं कणांचा प्रवाह, त्यांचें मिसळणें व वेगळें होणें यांवर दीर्घ काळ संशोधन केलें आहे. तेव्हां हा विषय आपल्या प्रांतास परका नाहीं.

आतां भाताच्या गिरणीवरील हॉपर, म्हणजे धान्य ओतण्याचें नरसाळ्याच्या आकाराचें मोठें पात्र, आपण संगणकावर मांडलें आहे असें समजूं. दाणे सोडण्यापूर्वीं कोणत्या गोष्टी ठरवाव्या?

पहिली गोष्ट संख्येची. एक हजार भाताचे दाणे सुमारें २५ ग्रॅम भरतात असें धरल्यास एका किलोंत ४०,००० व एका क्विंटलांत ४० लाख दाणे होतात. इतक्यांचा हिशेब साध्या संगणकास जड जातो. म्हणून पात्राचा लहान भाग घ्यावा किंवा दाणे कांहींसे मोठे मानावे. मात्र तोंड दाण्याच्या किती पट रुंद आहे हें प्रमाण विसरूं नये, नाहीं तर खऱ्या गिरणींत कधीं न होणारी कमान चित्रांत दिसूं लागेल.

दुसरी गोष्ट जागेची. दाणे ज्या चौकटींतून सोडावयाचे ती पात्राच्या आंत, भिंतींपासून कांहीं अंतरावर असावी. एका ठिकाणीं दोन दाणे ठेवले गेले तर संगणक त्यांना अतिशय रुतलेले समजतो, त्यांच्यांत प्रचंड रेटा उत्पन्न करतो, आणि दाणे बंदुकीच्या गोळ्यांसारखे उडतात. असें होऊं नये म्हणून चांगली आज्ञावली मोकळी जागा पाहूनच दाणा ठेवते. जागा न मिळाल्यास तो दाणा सोडून देते. येथेंच नवशिका फसतो. समजा, चौकट १० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद आहे, आणि दाणे सेकंदास अर्धा मीटर वेगानें खालीं सरकतात. तर सेकंदांत ५ लिटर जागा मोकळी होते. दाणे तिचा एक पंचमांश भाग व्यापतात असें धरलें तर १ लिटर, म्हणजे सुमारें १.२ किलो धान्य सुटेल. आपण ५ किलो मागितले असले तरी तितके येणारच नाहींत. म्हणून मागितलें किती व सुटलें किती, याची मोजणी अवश्य करावी.

तिसरी गोष्ट वेगाची. खरें धान्य एक मीटर उंचीवरून पडत असेल तर खालीं पोहोंचतांना त्याचा वेग सेकंदास सुमारें ४.४ मीटर होतो. हिशेब वांचविण्यासाठीं चौकट खालीं आणली तर दाण्यांस हा वेग आरंभींच द्यावा. अन्यथा त्यांचा आघात खोटा ठरतो.

चौथी गोष्ट मिश्रणाची. तांदूळ व कणी वजनानें निम्मी-निम्मी असावी, असें सांगितलें आणि कणीचें वजन अख्ख्या दाण्याच्या एक तृतीयांश असलें, तर संख्येनें दर चार दाण्यांत तीन कणीचे होतात. प्रमाण वजनाचें कीं संख्येचें, हें तपासल्यावांचून पुढें जाऊं नये.

पांचवी गोष्ट, जिला संगणकशास्त्रांतहि ‘बीज’ म्हणतात. दाण्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकाव्या तशा ठरतात, आणि त्या चिठ्ठ्यांचा क्रम एका आरंभीच्या अंकावरून निघतो. तोच अंक दिला म्हणजे एकाच संगणकावर बहुधा तेंच चित्र पुन्हां मिळतें. म्हणून निरनिराळे अंक देऊन प्रयोग अनेक वेळां करावा व मगच निष्कर्ष काढावा. एका मुठीवरून साऱ्या पेरणीची पारख करूं नये.

शेवटीं, तळाचें दार बंद ठेवून दाणे पूर्ण निवूं द्यावे व नंतरच दार उघडून मोजणीस आरंभ करावा.

यावर कोणी म्हणेल, शेवटीं रास तीच होणार, मग आरंभाची एवढी चिकित्सा कशाला? याचें उत्तर व्हानेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. वाळू एका नळीतून एकाच बिंदूवर ओतून केलेली रास आणि तीच वाळू चाळणींतून सर्वत्र सारखी पाडून केलेली रास, या दोहोंच्या तळाचा दाब त्यांनीं मोजला. पहिल्या राशीच्या शिखराखालीं, जेथें सर्वांत अधिक दाब असावा असें वाटतें, तेथें तो आसपासच्यापेक्षां कमी भरला. दुसरींत तशी खोंच नव्हती. वाळू आपला आरंभ विसरत नाहीं!

या विद्येचें मोल केवळ कागदी नाहीं. मोठ्या कोठारांत धान्याची कमान धरली म्हणजे ती मोडण्यासाठीं माणसें आंत उतरतात, कमान एकाएकीं ढासळते आणि माणसें धान्याखालीं गाडलीं जातात. अशा दुर्घटना जगांत अनेक झाल्या आहेत. पात्राचें तोंड किती रुंद असावें हें आधींच नीट तपासलें तर तो प्रसंगच टळतो. पण आरंभ चुकीचा दिला तर संगणक तितक्याच ठामपणें चुकीचें उत्तर देतो, आणि त्याचा भार शेवटीं कोणातरी मजुराच्या शिरावर पडतो. गिरणीच्या हॉपरांत अगर कोठारांतील धान्यावर खेळण्यास मुलांना कदापि उतरूं देऊं नये, अशी आमची पालकांस आग्रहाची विनंति आहे.

पेरणाऱ्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. बीं एकच, पण तें कोठें पडलें यावर पीक ठरलें. संगणक हिशेबांत कुचराई करीत नाहीं. मात्र चाड्यावरची मूठ त्याची नव्हे, आपली आहे. ती जपून सोडावी, आणि कशी सोडली हें आपल्या वहींत प्रामाणिकपणें लिहून ठेवावें, म्हणजे पुढच्यास ती तपासतां येईल.