पाण्यावाचून फराहबाग

धर्मापुरीचा किल्ला पाहण्याचा योग आम्हास नुकताच आला. बीड जिल्ह्यातील या गावी किल्ल्याच्या तटांत जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसविलेले दिसतात. तेथे उभे असता मनात आले की, दगड निदान दुसऱ्या इमारतीच्या कामी येतो. उद्यानाच्या नशिबी तेवढेही नसते. पाणी तुटले की बाग संपली! परतीच्या वाटेवर अहिल्यानगर, म्हणजे 2024 पर्यंतचे अहमदनगर, लागले आणि तेथील फराहबागेत या विचाराची खूणच पटली.

युरोपातील राजेरजवाड्यांनी नारिंगाची झाडे हिवाळ्यात जगावीत म्हणून आपल्या उद्यानांत खास गृहे बांधली. व्हर्सायचे असे गृह प्रसिद्धच आहे. तेथे ऊब कोंडून धरावयाची होती, तर आमच्या दख्खनच्या उन्हाळ्यात गारवा. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत 1583 मध्ये पुरा झालेला फराहबागेचा अष्टकोनी महाल त्याच हेतूने तलावाच्या मध्यभागी उभा केला गेला. आधीची इमारत पसंत न पडल्याने ती पाडून सलाबतखानाने ही बांधविली, असे सांगतात. (या सलाबतखानाची डोंगरावरील कबर लोक खुशाल ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून दाखवितात!) उंच घुमट, चहूबाजूंच्या कमानी आणि भोवतीचे पाणी यांच्या संगनमताने आतली हवा थंड राही. टेकड्यांकडचे पाणी या शहराला व त्याच्या बागांना खापरी नळांनी मिळत असे. हा महाल म्हणजे पाण्यावर चालणारे एक यंत्रच होते म्हणा ना.

आज ते यंत्र बंद आहे. तलावाच्या जागी गवत व काटेरी झुडपे माजली आहेत. पूर्वी जेथे पाणी होते तेथून आम्ही कोरड्या पायांनी महालात शिरलो. भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यातील नक्षीचे अवशेष अद्याप आहेत. बागेचे मात्र काहीही नाही.

प्राचीन वास्तूंसंबंधीचा केंद्रीय कायदा 1958 चा आहे. 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरले व त्यापुढील दोनशे मीटरांवर निर्बंध आले. तरतूद योग्यच आहे. परंतु वास्तूला जगविणारे पाणी कित्येक मैलांवरून येत असेल, तर या मापाचा उपयोग किती? नळाची वाट शेतांखालून, रस्त्यांखालून, घरांखालून जाते, आणि तिचा नकाशा हाती नसल्यास कोणाचीही कुदळ तिच्यावर पडू शकते. घुमटाच्या डागडुजीवर खर्च होतो, तो व्हावाच. परंतु त्याआधी या नळांचा उगमापासून तलावापर्यंत माग काढून तो मार्ग शहराच्या विकास आराखड्यात दाखविला जावा, अशी आमची मागणी आहे. जेथे नळ अजून शाबूत सापडेल, तेथे तो पुन्हा वाहता करण्याचा प्रयत्नही करून पाहावा.