चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कमी वर्दळीचे सायकलमार्ग

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, विदर्भात असलेले वनव्याप्त जिल्हे आहेत. येथील अनेक डांबरी रस्ते दाट जंगलातून व डोंगराळ भागातून जातात आणि त्यांवर वाहनांची ये-जा अत्यल्प असते. त्यामुळे हे रस्ते सायकल प्रवासासाठी उपयुक्त ठरतात. मात्र येथील शांतता पर्यटनासाठी राखलेली नाही. विरळ लोकवस्ती, वनकायदे, पावसाळ्यात वाट अडवणाऱ्या नद्या आणि दीर्घकाळचा सशस्त्र संघर्ष यांतून ती निर्माण झाली आहे. म्हणूनच कोणता रस्ता शांत आहे यासोबत तो का शांत आहे, हे जाणून घेणे प्रवाशासाठी महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी असून सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती. लोकसंख्येची घनता दर चौ. किमीला केवळ ७४ होती. त्याच वर्षी महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. जिल्ह्यात लोहमार्ग प्रामुख्याने वडसा (देसाईगंज) परिसरापुरताच पोहोचलेला असल्याने उर्वरित भागाची भिस्त रस्त्यांवर राहिली.

जंगलातून रस्ता काढण्यासाठी वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. वनहक्क कायदा, २००६ ने गावांच्या मूलभूत सोयींसाठी काही सवलत दिली. ग्रामसभेच्या शिफारशीने, प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडे, या मर्यादेत रस्त्यासारख्या सुविधेला परवानगी मिळू शकते. अंतर्गत भागातील रस्ते अरुंद राहण्यामागे हे एक कारण आहे. दुसरे कारण नक्षलवादी हिंसेचे आहे. रस्त्यांची कामे व त्यांवरील यंत्रसामग्री हे अनेक वर्षे हल्ल्यांचे लक्ष्य राहिले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ रस्त्यावर झालेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान व वाहनचालक मृत्युमुखी पडले.

प्रमुख मार्ग

आलापल्ली–भामरागड : सुमारे ६५ किमीचा हा मार्ग अहेरी तालुक्यातील आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव व हेमलकसामार्गे भामरागडला जातो. आलापल्लीचा परिसर उत्तम प्रतीच्या सागासाठी प्रसिद्ध आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू ही रस्त्याच्या दुतर्फा आढळणारी प्रमुख झाडे होत. हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया समाजासाठी रुग्णालय व शाळा उभारली. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेच्या पुरामुळे पावसाळ्यात भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आला आहे.

आलापल्ली–सिरोंचा : सुमारे १०० किमीचा हा मार्ग रेपनपल्ली व जिमलगट्टामार्गे दक्षिणेकडे जातो. रेपनपल्लीजवळून कमलापूरकडे फाटा फुटतो. तेथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. दक्षिणेकडे जाताना रस्त्यालगतच्या गावांत मराठी व गोंडीबरोबर तेलुगू अधिकाधिक ऐकू येते.

गडचिरोली–धानोरा–मुरूमगाव : हा रस्ता छत्तीसगडच्या सीमेकडे जातो. चातगावजवळ अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे. पुढे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव लागते. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावांत जंगलाचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे असते. त्यामुळे रस्ता सोडून जंगलात शिरण्यापूर्वी किंवा मुक्काम करण्यापूर्वी गावाची संमती घेणे आवश्यक ठरते.

गडचांदूर–जिवती : चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस असलेला हा मार्ग माणिकगडच्या डोंगराळ भागात चढतो. गडचांदूरच्या आसपास सिमेंट कारखान्यांमुळे अवजड वाहतूक असते. डोंगर चढू लागल्यावर ती कमी होते. जिवती तालुक्यात गोंड व कोलाम समाजाची वस्ती असून मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबेही आहेत.

चंद्रपूर–मोहर्ली : सुमारे २५ ते ३० किमीचा हा मार्ग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली प्रवेशद्वारापर्यंत जातो. सुरुवातीच्या टप्प्यात औष्णिक वीज केंद्र व दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी आहेत, तर शेवटच्या टप्प्यात व्याघ्र प्रकल्पाचे बफर क्षेत्र लागते. प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात सायकलने प्रवेश करता येत नाही.

ऋतू व वेळ

मे महिन्यात चंद्रपूर परिसराचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो आणि कमी उंचीचे पूल व रपटे पाण्याखाली जातात. वाहत्या पाण्यातून रपटा ओलांडणे धोक्याचे असते. गडचिरोलीत हिवतापाचा प्रादुर्भाव असल्याने मच्छरदाणीचा वापर आवश्यक आहे. या कारणांमुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल मानला जातो.

इतरत्र उन्हाळ्यात सायकलस्वार पहाटे निघून ऊन टाळतात. या जिल्ह्यांत तो उपाय धोकादायक ठरू शकतो, कारण पहाट व सायंकाळ हीच वाघ, बिबट्या व अस्वल यांच्या हालचालीची वेळ असते. डिसेंबरमध्ये दिवस सुमारे ११ तासांचा असतो. सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास वगळल्यास प्रवासासाठी सुमारे ९ तास उरतात. दिवसाचा टप्पा त्या हिशेबाने ठरवावा लागतो.

वन्यजीव व सुरक्षितता

वाघांचा वावर व्याघ्र प्रकल्पापुरता मर्यादित नाही. ब्रह्मपुरी वनविभागासह प्रकल्पाबाहेरील जंगलांतही वाघ आहेत. मोहफुले वेचणे व तेंदूपाने तोडणे अशा वाकून किंवा बसून करण्याच्या कामांत माणसावर हल्ल्याचा धोका वाढतो. सायकल दुरुस्तीसाठी रस्त्याकडेला खाली बसणाऱ्यालाही हे लागू होते. त्यामुळे पंक्चर काढण्याचे काम मोकळ्या जागी किंवा गावात, आणि सोबत्याने पहारा ठेवून करणे इष्ट ठरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. तेव्हापासून उत्तरेकडील तालुक्यांत हत्तींचा वावर नोंदवला गेला आहे.

वर्दळ कमी असल्याने वाहनाच्या धडकेचा धोका घटतो, पण अपघात किंवा आजारपणात मदत पोहोचायला वेळ लागतो. अनेक ठिकाणी मोबाइलची रेंज नसते. सुट्या ट्यूब, हवा भरण्याचा पंप, पुरेसे पाणी व प्रथमोपचाराचे साहित्य सोबत असणे आणि पुढच्या मुक्कामाची माहिती वनविभागाच्या नाक्यावर किंवा पोलीस ठाण्यात देणे उपयुक्त ठरते.

स्थानिकांची सायकल

या रस्त्यांवर सायकल प्रामुख्याने गरजेचे वाहन आहे. बाजारहाट, शेती आणि शाळा यांसाठी तिचा वापर होतो. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत शाळेपासून ५ किमीच्या परिसरात राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. सायकल प्रवासाच्या राष्ट्रीय इतिहासातही चंद्रपूरचे स्थान आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन वसवणाऱ्या बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा सहभागी तरुणांनी हे अंतर सायकलींवरून कापले.

बदलती वर्दळ

एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून वाढले. त्यामुळे एटापल्ली–आलापल्ली–आष्टी या एकेकाळच्या शांत मार्गावर अवजड ट्रकची सतत वाहतूक सुरू झाली. अपघात, धूळ व रस्त्याची दुरवस्था यांविरुद्ध स्थानिकांनी आंदोलने केली. सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलांसाठीही हा रस्ता धोक्याचा झाला.

याउलट काही ठिकाणी वाढती वाहतूक ही गावकऱ्यांची जुनी मागणी होती. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातील दुर्गम गर्देवाड्यापर्यंत अहेरीहून एस.टी. बससेवा सुरू झाली. बाहेरून येणाऱ्या सायकलस्वाराला रिकामा रस्ता सुखाचा वाटतो, पण तेथील रहिवाशांसाठी तो बस, रुग्णवाहिका व बाजार यांच्या अभावाची खूण असतो. एकाच तालुक्यातील खनिजाचे ट्रक व एस.टी. बस ही वर्दळीची अगदी भिन्न रूपे आहेत.