निळ्या शीर्षकाखालचा मजकूर

गूगलवर ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधलं, की प्रत्येक दुव्याच्या शीर्षकाखाली दोनेक ओळी दिसतात. त्या अनेकदा पानाच्या एचटीएमएलमधल्या ‘मेटा डिस्क्रिप्शन’ या टॅगमधून येतात. पान उघडल्यावर हा टॅग दिसत नाही, म्हणून कित्येक दुकानदार तो रिकामाच सोडतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळ्या पानांवर एकच मजकूर डकवतात.

हा मजकूर भरल्याने गूगलच्या क्रमवारीत दुकान वर चढत नाही. कंपनीने २००९ मध्येच ते स्पष्ट केलं. तरी ‘चप्पल, स्वस्त चप्पल, बेस्ट चप्पल’ अशी जपमाळ ओढणारे आहेतच! वाचणारा माणूस असतो आणि त्याचे प्रश्न साधे असतात. चामडं कुठलं? शिवण हाताची की यंत्राची? किंमत किती? माप चुकलं तर बदलून मिळेल का? ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ यातून यातलं काहीच कळत नाही.

लांबीला ठरलेली मर्यादा नाही. पण पडद्यावर मावेल तेवढंच दिसतं, तेव्हा महत्त्वाचं आधी लिहावं. शोधाशी पानावरचं दुसरंच वाक्य अधिक जुळलं, तर गूगल तुमचा मजकूर बाजूला ठेवून ते वाक्य दाखवतं. म्हणजे पानावरचं वर्णनही धड हवं.

वस्तू हजारोंनी असतील, तर नाव, माप, किंमत यादीतून उचलून वाक्यं आपोआप जुळवता येतात. मात्र सर्वाधिक खपाच्या वस्तूंचा मजकूर स्वतः बसून लिहा.