मांगर उघडण्याआधी जरा थांबा

३१ जुलैला बंदी संपतेय. आता मांगर उघडायचे, जाळी काढायची, इंजिनं बघायची घाई सुरू होईल. दोन महिने तिथे आपण नव्हतो, पण उंदीर होते.

हिशेब करून बघा. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. बंदीच्या ६१ दिवसांत तिच्या दोन विणी सहज होतात. कोरडी जागा, मऊ जाळ्यांचा ढीग, कोपऱ्यात सांडलेली सुकी मासळी. आणखी काय पाहिजे तिला?

जाळी कुरतडली तर पैसे जातात. लेप्टो झाला तर माणूस जाऊ शकतो. हा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो, त्याला सहसा त्रास होत नाही, पण मुतातून तो जंतू पसरवत राहतो. ओल्या मातीत, गोड्या पाण्यात जंतू कित्येक आठवडे टिकतो. खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही, म्हणून आपल्यातले काहीजण म्हणतात, "आम्ही दर्यावरचे, आम्हाला काय होतंय?" अहो, पण जेटीवरचं डबकं पावसाचंच ना! आणि मासळीचा काटा लागलेला, दोरीने सोललेला हात-पाय कोणाचा नाही? जंतू तिथूनच शिरतो. मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली ती अशाच साचलेल्या पाण्यातून.

मग उंदीर मारले की झालं? आम्हालाही तसंच वाटायचं. पण कॅनडात व्हँकुव्हर शहरात शास्त्रज्ञांनी काही भागांत सापळ्यांनी उंदीर मारून पाहिले, तर उरलेल्यांत लेप्टोचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. कळप विस्कटला की उंदीर एकमेकांत जास्त मिसळतात, असा त्यांचा अंदाज. म्हणजे नुसत्या गोळ्या टाकून भागणार नाही. त्यांचं खाणं आणि बिळं बंद करायला हवीत. मासळीची घाण रोज उचला, जाळी जमिनीवर न टाकता फळीवर ठेवा.

मांगर उघडल्याबरोबर झाडू मारू नका. आधी वारा खेळू दे, ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, मग गमबूट-हातमोजे घालून आत जा. ऊन पडलं की जाळी वाळवा, सुकल्यावर हा जंतू मरतो.

बोटमालकांना एक विनंती. ओडिशा-झारखंडचे खलाशी आता परत येतील. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही दिसलं तर "प्रवासाचा शीण" म्हणून गोळी देऊन बोटीवर चढवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि उंदरांच्या जागी काम केलंय हे डॉक्टरांना सांगा. वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो, डोळे पिवळे होईपर्यंत थांबलात तर मूत्रपिंडावर येतं.

गमबूट सोसायटीच्या ऑफिसात आलेत. आठ नंबर संपत आलाय.