सोवळे आणि ख्रिस्तभक्ती

नाताळनिमित्त उल्हासनगर कॅम्प १ मधील भाविकांनी शेजारच्या कल्याणात बालपणी शिकलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण करावे. १८९५ साली मुंबईस त्यांनी उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या; काही वर्षांनी परतल्या, त्या आपले सोवळे घेऊनच! टिळकांनी ते मोडण्याची सक्ती केली नाही. सत्याचा आग्रह चारचौघांत पुष्कळांस साधतो. घरात तो शांतपणे धरणे महाकठीण. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मात्र अभंग-कीर्तन सोडले नाही; संतांच्याच वाटेने त्यांनी ख्रिस्तास आळविले. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा त्यांनी सोडली. १९१९ साली ते निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.